धुनीत न जळालेली अफू

लालबागच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध धुनी, धुनीमागे जटाधारी निर्मळनाथ आणि समोर अफूबाजांची रांग. एकेक जण कनवटीची अफू महाराजांच्या हातात देई. महाराज हात झटकून ती धुनीत फेकत आणि गर्जत, "जुनं जाळा, गोळी गिळा, गुरूला पाळा!" मग एक काळी गोळी जिभेवर. थरथरणारा माणूस अर्ध्या तासात ताठ बसून भजन म्हणू लागे. बायामाणसं पदर डोळ्यांना लावत.

मी माधव, परळच्या एका दवाखान्यातला कंपाउंडर. अफूचा अर्क रोज हाताळतो. एवढी अफू जळते, मग तिचा वास कुठे? मला तर जळक्या गुळाचा वास येत होता.

आमच्या चाळीतला दगडू गिरणीत साच्यांवर कापड विणायचा. त्यानंही महाराजांची गोळी धरली होती. त्याची बायको रखमा मोठ्या अभिमानानं म्हणाली, "भाऊ, दोन महिने झाले, ह्यांनी अफूला हात लावला नाही."

"आणि गोळी?"

"ती रोज दोन वेळा. प्रसाद ना तो!"

"एखादा दिवस न घेता बघितलं?"

"असलं अभद्र बोलू नका," म्हणत तिनं दार लावलं.

पुढच्या आठवड्यात महाराज माहीमला गेले आणि दगडूची रोजची गोळी बंद पडली. तिसऱ्या दिवशी सकाळी रखमा दगडूला घेऊन दवाखान्यात आली. त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी, जांभयांवर जांभया, पोटात पीळ.

"प्रसाद चुकला, कोप झाला," ती रडत म्हणाली.

डॉक्टर म्हापणकरांनी त्याचे डोळे तपासले. "बाई, हा कोप मी दर आठवड्याला बघतो. अफू तुटली की असंच होतं."

"पण अफू तर सुटली!"

देव्हाऱ्यात ठेवायची म्हणून जपलेली अर्धी गोळी रखमाच्या पदराच्या गाठीत होती. डॉक्टरांनी ती चाखली आणि तिच्यापुढे धरली. रखमानं जिभेला लावली आणि चव लगेच ओळखली. गिरणीत जाताना लेकरू झोपून राहावं म्हणून ती त्याला अफूची बाळगोळी चाटवायची. तोच कडूपणा.

"म्हणजे ह्यांचीच अफू ह्यांना परत?" तिचा आवाज बदलला. "डॉक्टर, माका खरा काय तां चारचौघांत दाखवा."

दुपारी महाराज मैदानात परतले, गर्दी जमली. आम्ही दगडूला घेऊन तिथं गेलो. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत दगडूच्या जिभेवर एक गोळी ठेवली. "ही दवाखान्यातली अफू. मंत्र नाही, धुनी नाही."

"गुरूविना गुण? मरेल हा!" महाराज हसले.

कोणी जागचं हललं नाही. हळूहळू जांभया थांबल्या. अर्ध्या तासानं दगडूनं नाक पुसलं आणि तो ताठ बसला, अगदी प्रसाद खाल्ल्यासारखा. तेवढ्यात त्याचा भाऊ लवू यानं महाराजांच्या आसनाखालचा डबा ओढून काढला. एका बाजूला भक्तांची अफू, दुसऱ्या बाजूला गुळाचे काळे खडे. हातचलाखीनं गूळ धुनीत जाई आणि अफू डब्यात. गलका उठला. त्या गोंधळात महाराज जे पळाले, ते पुन्हा दिसले नाहीत.

दगडू मात्र तिथंच बसून राहिला. "म्हणजे मी सुटलोच नव्हतो?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "पण सुटशील. मात्रा थोडी थोडी कमी करू. एका दिवसात होणार नाही. एकट्यानंही होणार नाही."

पाच महिने लागले. मात्रा रखमाच्या हाती. लवू त्याला सरकारी परवान्याच्या अफूच्या दुकानावरून न नेता लांबच्या वाटेनं गिरणीत नेई. तरी एकदा तो घसरलाच. रखमानं हात उगारला, खाली घेतला आणि त्याला घेऊन थेट दवाखान्यात आली. डॉक्टरांनी एक शब्दही न सुनावता मात्रा पुन्हा ठरवली. आज दगडू काही घेत नाही. कधीकधी जीव ओढतो, असं तो स्वतःच सांगतो.

वाचकहो, चुटकीसरशी व्यसन उतरवणारा कोणी भेटला, तर त्याला दोनच प्रश्न विचारा: गोळीत काय आहे आणि ती बंद कधी होणार? उत्तराऐवजी तो शाप देऊ लागला, तर तिथून उठा. आपल्या माणसाला वैद्याकडे न्या. तो घसरला, तर पुन्हा न्या.