दगा गाडीने दिला नव्हता

मित्रांनो, मी एक जुनी लाल हॅचबॅक आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही. गोडगोड बोलणे मला जमत नाही. दिसायला मी लहानखुरी. शाळेच्या फाटकाशी उभी राहिले तर कुणी वळूनही बघणार नाही. पण माझ्या पोटात टर्बो इंजिन आहे. पाय दाबला की भल्याभल्या गाड्यांची तोंडे उतरतात. कारखान्यात मला घडवलेच तसे: रोज कामावर न्यावे आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीच्या ट्रॅकवर मनसोक्त पळवावे.

मला घेतले ताईने. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. तिने माझ्यात फार बदल केले नाहीत. जास्त उष्णता सोसणारे ब्रेकपॅड बसवले, चांगले टायर घातले, बस्स. ट्रॅकवर दामटून झाले की शेवटची फेरी सावकाश मारून ती मला गार होऊ द्यायची. ब्रेकचे तेल तर कधी जुने होऊच द्यायची नाही. ते तेल हवेतला ओलावा पिते. मग ब्रेक तापले की उकळते, नळीत बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागते. ताईला हे पाठ होते. तिच्या हाताखाली मी सुखात होते.

मग ताईला दिवस गेले. तिने माझी किल्ली धाकट्या भावाला दिली.

"हिचं ब्रेकचं तेल बदलल्याशिवाय ट्रॅकवर न्यायची नाही," ती म्हणाली.

"हो गं ताई, किती वेळा सांगशील!"

धाकट्याने स्प्रिंगा कापून माझी उंची कमी केली. इतकी, की प्रत्येक गतिरोधक माझ्या पोटाला ओरबाडू लागला. मागे एक पंख लावला, ज्याचा उपयोग कबुतरांनाच झाला. सायलेन्सर असा बसवला की गल्लीतली तान्ही मुले दचकून रडत. रोज मला धुवायचा, पुसायचा, फोटो काढायचा. लोक वाहवा करायचे. बॉनेट मात्र फोटोपुरतेच उघडायचे. त्या काळात मी त्याचा मनापासून तिरस्कार करायला शिकले.

ताईला मुलगी झाली. थोड्याच दिवसांनी धाकट्याने मला ट्रॅकवर नेले. ताईचे यजमान, म्हणजे त्याचे दाजी, हौसेने बरोबर आले. आत शिरताच जो तो विचारू लागला, "अरे, ही ताईंची गाडी ना? ताई नाही आल्या?" धाकट्याचा चेहरा पडला. घरात ताईचे कौतुक, इथेही ताईचेच. आज तिची सर्वात वेगवान फेरीची वेळ मोडायचीच, असे त्याने मनाशी ठरवले.

पहिल्याच काही फेऱ्यांत माझे ब्रेक भाजू लागले. पेडल मऊ पडले. मला आणखी कसे सांगता येणार? मी तेवढेच सांगू शकते.

"अरे, ब्रेक जरा खोल जातोय का?" हेल्मेटमधून दाजींनी विचारले. "एक फेरी हळू घे ना."

"दाजी, भीती वाटत असेल तर उतरा खाली!"

लांब सरळ रस्ता संपत आला. पुढे घट्ट वळण होते. त्याने ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला टेकले. पुन्हा दाबले. पुन्हा पोकळ. त्याने हँडब्रेक ओढला, मी गर्रकन फिरले, खडीत घुसले आणि दाजींच्या बाजूने टायरांच्या भिंतीवर आदळले. दाजींच्या खांद्याचे हाड मोडले. धाकट्याला खरचटलेसुद्धा नाही.

लोक धावत आले. खाली उतरताच तो पहिले वाक्य काय बोलला? "गाडीनेच दगा दिला!"

मित्रांनो, ती धडक मी विसरेन. ते वाक्य नाही विसरणार.

मला ताईच्या अंगणात आणून टाकले. ताई मुलीला कडेवर घेऊन आली. तिने बॉनेट उघडले, ब्रेकच्या तेलाची डबी पाहिली. आतले तेल काळेभोर झाले होते.

"बदललंस का हे?"

धाकटा मागच्या पंखावरची धूळ पुसू लागला.

"सायलेन्सरला वेळ होता. पंखाला वेळ होता. ह्याला नव्हता?"

"तुला गाडीचंच पडलंय! नवऱ्याचं विचार की!"

"त्याच्याच उशाशी बसून आलेय. दोघांची वाट तूच लावलीस. चालता हो."

तो गेला. कित्येक महिने बहीणभाऊ बोलले नाहीत. ताईने पंख आणि सायलेन्सर काढून भंगारात दिले, मला पूर्वीच्या उंचीवर आणले, आणि शेवटी ब्रेकच्या कामाला धाकट्याला बोलावून घेतले. नळीतली हवा काढायला दोन माणसे लागतात.

तो पेडलवर बसला, ती चाकाशी. "दाब." "धर." "सोड." याखेरीज एक शब्द नाही.

काम झाल्यावर त्याने किल्लीसाठी हात पुढे केला. "तू दाजींच्या जागेवर बस," ताई म्हणाली.

तिने मला त्याच ट्रॅकवर, त्याच सरळ रस्त्यावर पूर्ण वेगाने सोडले. वळण अंगावर येऊ लागले.

"ताई! ताई, थांबव!" धाकटा ओरडला. त्याचा उजवा पाय तळाच्या पायपुसण्यावर दाबत होता, जिथे पेडलच नव्हते. अगदी शेवटी ताईने ब्रेक लावला आणि मी नाक खाली झुकवून अलगद वळण घेतले.

वळण मागे पडले. मग तो हळूच म्हणाला, "दाजींनी मला सांगितलं होतं गं."

ताई मला गार करत सावकाश चालवत राहिली. तिने त्याला माफ केले की नाही, ठाऊक नाही. मी केलेले नाही.

मित्रांनो, मला सजवू नका, माझे फोटो काढू नका. माझे तेल बघा, माझे ब्रेक बघा. आणि तेवढेही होत नसेल, तर निदान शेजारी कुणाला बसवू नका.