आक्काताईचं थायलंड

कसबा बावड्यात भाऊसोंचं खतं-औषधांचं दुकान होतं. कंपनीचा माल भरपूर खपवला की कंपनी दुकानदारांना फुकट थायलंड दाखवून आणायची. भाऊसो तीनदा जाऊन आले. पहिल्या वेळी त्यांच्या बायकोनं, आक्काताईनं, हौसेनं बॅग भरली आणि सहज विचारलं, "अवो, बायकांना न्हेत न्हाईत व्हय?"

"बायकांनी बघण्यासारखं काय न्हाय तिथं," असं म्हणून भाऊसो मोजे शोधायला लागले.

आक्काताई काही भोळी नव्हती. थायलंडचं नाव निघालं की दुकानाच्या कट्ट्यावर बसलेली माणसं कशी एकमेकांना कोपर मारतात, हे तिनं पाहिलं होतं. नवऱ्यानं तिथं काय केलं, काय नाही, हे तिनं कधी उकरून काढलं नाही. ते कळून तरी काय करायचं होतं? पण तिसऱ्या सहलीनंतर हुपरीला एका जावळाचं जेवण होतं. ती तांबडा रस्सा वाढत पंगतीतनं चालली होती. भाऊसोंचे दोस्त गणपतराव, तेही खताचेच दुकानदार, मोठ्यानं म्हणाले, "वैनी, भाऊसोंला दोन वगराळी जास्त वाढा. थायलंडनं पार गळाटलाय गडी!"

अख्खी पंगत खदखदून हसली. भाऊसोही हसले. आक्काताई रश्शाची बादली घेऊन तशीच उभी राहिली. समोरच्या पंगतीतल्या बायका तिच्याकडं बघत होत्या, आणि त्यांच्या नजरेत तिची कीव होती. हसणं तिनं पचवलं असतं. ती कीव मात्र आतवर झोंबली.

त्याच साली बावड्यात उसाच्या कडेला त्यांचं नवं घर उभं राहिलं. स्लॅब पडला, गिलावा झाला. भाऊसो म्हणाले, "आत-बाहेर सजवायचं ते तुझं तू बघ. माझं डोकं खाऊ नको."

"बघतो की," आक्काताई म्हणाली.

संघप्रिया कांबळे नावाची एक तरुण मुलगी घरं सजवून द्यायची कामं घ्यायची. तिनं आक्काताईला शेजारी बसवून मोबाईलवर फोटो दाखवायला सुरुवात केली. चकचकीत सोफे झाले, काचेची कपाटं झाली, भिंतीवर सोनेरी वेलबुट्ट्या झाल्या. आक्काताई नाक मुरडत गेली. मग एका फोटोवर तिचं बोट थांबलं. उतरतं कौलारू छप्पर, लाकडी खांब, वेताचे दिवे, रुंद व्हरांडा, आणि व्हरांड्याला टेकून पाण्याचं टाकं. त्यात कमळं. भोवती ही थोरली थोरली पानं.

"हे कुठलं गं?"

"थायलंडकडच्या रिसॉर्टसारखं आहे, काकू. समुद्राकाठी अशी घरं असतात तिकडं."

आक्काताई त्या फोटोकडं बघतच राहिली. हे होतं होय तिथं? कमळं होती, झाडी होती, सावलीत टेकायला जागा होती. बायकांनी बघण्यासारखं काही नाही म्हणे!

"हेच करायचं," ती म्हणाली. "आणि कुणी विचारलं तर नाव सांगायचं. थाई पद्धतीचं घर."

दारात ट्रकभर बांबू उतरला तेव्हा भाऊसोंना पत्ता लागला. ते दुकान टाकून धावत आले.

"मांडव घालायला लागलीस काय?"

"थाई पद्धतीचं करायला लागलोय."

भाऊसोंचा चेहरा पडला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अगं, दुसरं काय बी कर. राजस्थानी कर, केरळी कर. थाई म्हटल्यावर लोकं काय म्हणतील?"

"लोकं म्हणायची थांबल्यात कवा?" आक्काताईचा आवाज मात्र रस्त्यापर्यंत गेला. "हुपरीला भरल्या पंगतीत म्हणत हुती. तवा तुमी हसलासा. आता बी हसा की!"

भाऊसो आल्या पावली दुकानात गेले. चार दिवस घरात बोलणं नव्हतं. पण काम थांबलं नाही. राधानगरीकडच्या बांबूचे पडदे झाले, जुन्या सागवानाच्या बैठ्या चौरंगांवर गाद्या आल्या, दिव्यांना वेताच्या टोपल्या चढल्या. व्हरांड्यावर उतरती कौलं चढली, त्याला टेकून कमळांचं टाकं झालं. अंगणात पांढरा चाफा, केळी, कर्दळ आणि टाक्याच्या कडेनं अळू. शेजारच्या धोंडुबाई कुंपणावरनं म्हणाल्या, "आक्काताई, एवढं अळू! वड्या कवा करतीस?"

"वड्या करायला न्हाय लावलं. बघायला लावलंय," आक्काताईनं ठणकावलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं खायच्या पानाला नुसतं बघायला लावलं होतं, आणि त्याचं तिला फार बरं वाटलं.

मग एके दिवशी भाऊसो स्वतःहून एक खोकं घेऊन आले. समेट करायचा बेत होता. खोक्यातनं बुद्धाचं नुसतं शीर निघालं, फायबरचं, सोनेरी. "थाई म्हटलं की हे लागतंयच. तिथल्या हॉटेलात बेसिनपाशी असलंच हुतं. आपल्या बी बेसिनवर ठेवा."

संघप्रियानं हातातला टेप गुंडाळून खाली ठेवला. "काका, हे इथं बसणार नाही."

"का? जागा हाय की."

"आमच्या घरी सकाळी बुद्धवंदना होते. लोकांनी चूळ भरायच्या जागी मी त्यांना ठेवणार नाही. तुम्हाला ठेवायचंच असेल तर काम दुसऱ्याला द्या."

भाऊसोंनी बायकोकडं पाहिलं. आक्काताई संघप्रियाकडं बघत होती. इतक्या शांतपणे, समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून 'नाही' म्हणायला आपल्याला पन्नाशी गाठावी लागली, असं तिच्या मनात आलं.

"ती न्हाय म्हणाली म्हंजे न्हाय," ती म्हणाली. "परत देऊन या."

वास्तुशांतीला सगळं गणगोत लोटलं. खताचे दुकानदार बायकांसकट आले. गणपतराव टाक्यापाशी खुर्ची टाकून बसले, चौफेर नजर फिरवली आणि अपेक्षेप्रमाणं गळा साफ केला.

"काय भाऊसो, थायलंड दारात आणलंस! मग हितं मालिश बी मिळतंय का न्हाय?"

पुरुष हसले. भाऊसो या वेळी हसले नाहीत. आक्काताई हातातलं ताट खाली ठेवून पुढं आली.

"बरं झालं विषय काढलासा, भावजी. मी तर गेलो न्हाय. तुमी सगळे तीन-तीनदा बघून आलाय. आता सांगा की, हे बरोबर जमलंय का? कमळं अशीच असत्यात का तिथं? चाफा असाच असतोय? व्हरांडे एवढेच रुंद असत्यात?"

गणपतरावांनी टाक्याकडं पाहिलं, मग छपराकडं. "आता... तसं बघायला गेलं तर..."

"सांगा की. घाबरतासा कशाला?"

कुणालाच काही सांगता येईना. एक जण म्हणाला, तिकडं ऊन लई असतंय. दुसरा म्हणाला, रिक्षा लई महाग. बस्स, एवढंच. गणपतरावांच्या बायकोनं, शालूबाईनं, नवऱ्याकडं रोखून पाहिलं. "म्हंजे एवढ्या येळा जाऊन तुमी झाड बी बघितलं न्हाईसा?"

आता बायका हसल्या. आधी दबून, मग मोकळ्या, आणि आक्काताई त्या सगळ्यांत मोठ्यानं हसली. गणपतराव जेवणाची पंगत बसली का बघायला उठून गेले, ते इकडं फिरकलेच नाहीत. बायका मात्र संध्याकाळपर्यंत व्हरांड्यातनं हलल्या नाहीत. उठता उठता शालूबाईनं हळूच विचारलं, "पासपोर्ट काढायला काय काय लागतंय गं?"

पाहुणे पांगल्यावर भाऊसो बायकोशेजारी येऊन बसले.

"पुढच्या साली आपुन दोघं जाऊया," ते म्हणाले. "खरंच न्हेतो."

त्यांच्या आवाजात खोट नव्हती, हे तिला कळलं. पण ती विरघळली नाही.

"तुमी बघितलंय. आता आमी बघतो," ती म्हणाली. "शालूबाई येतीया, धोंडुबाईला बी विचारतो. तुमी दुकान सांभाळा."

माघात तिघी निघाल्या. भाऊसो त्यांना स्टँडवर सोडायला आले होते. तिथं ओळखीच्या कुणीतरी विचारलं, "वैनी, कुठं दौरा?"

"थायलंडला!" आक्काताई म्हणाली, साऱ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात, आणि बॅग उचलून गाडीत चढली.