पेटीत न बसलेलं शेपूट

मित्रांनो, मी एक जुना नळा आहे. नळ नव्हे, नळा. पाणी देणं माझ्याकडून व्हायचं नाही; पाण्यात पडणं हाच माझा धंदा. उंचीनं पुरुषभर, रंगानं काळा, नाकाच्या टोकाला मोहरीएवढा काचेचा मणी आणि मागे बाटली धुवायच्या ब्रशासारखा गोल झुपका. त्या मण्याला उष्णता कळते. एका अंशाचे हजार भाग करा. त्यातला एक इकडचा तिकडे झाला तरी मला समजतं. एवढं हळवं नाक असलं की आयुष्यात स्वस्थता कशी ती लाभत नाही.

समुद्रात भोवरे असतात. तुमच्या दोरीच्या भोवऱ्यासारखे नव्हेत. दीडदोनशे किलोमीटर रुंद पाणी सावकाश गरगरत असतं. त्याचा एक काठ कोल्हापुरात धरून एसटीत बसलात तर पलीकडच्या काठाला जवळजवळ पुणंच येईल. असा भोवरा पोटात गरम पाणी घेऊन दोन-चार महिने हिंडतो आणि विरून जातो. वाटेत त्याचं गरम पाणी गार पाण्यात किती मिसळलं, किती ऊब खाली उतरली, हे कळलं तर वादळपावसाचा अंदाज जरा कमी चुकतो. ते मोजायला मी जहाजावरून ढिल्या दोरीवर खाली पडतो. अट एकच. पडताना मी थरथरायचं नाही. पाण्याची थरथर मोजणाराच थरथरला, तर कोण कुणाला मोजतंय?

पहिली आठ वर्षं मी दगडासारखा निश्चल पडलो. पेपरात माझा फोटो आला. उलटा आला, पण आला. मग माझी लाकडी पेटी कुजली आणि समुद्राचा अभ्यास करणाऱ्या आमच्या संस्थेनं नवी मागवली. ती अरुंद आली. माझा झुपका कडीच्या बाजूला बाहेर राहायचा, झाकण लागायचं नाही. आता नियमाप्रमाणे पेटी परत पाठवायला सात सह्या लागत होत्या आणि शेपूट कापायला एक कात्री. भांडारपालानं कडीच्या बाजूचं तीन बोटं शेपूट कापलं, झाकण लावलं आणि शेरा मारला : 'पेटी योग्य आहे.'

तेव्हापासून मी थरथरायला लागलो. पाण्यात पडलो की एका अंगाला झोल जायचा, मग दुसऱ्या अंगाला. कागदावर माझ्या रेघा अशा उमटायच्या, जणू उसाच्या ट्रॉलीत बसून कुणी सही केली आहे. तज्ज्ञ आले. त्यांनी नाक तपासलं, मणी बदलला, पोट उघडून तारा मोजल्या. शेपटाकडे कुणी बघितलं नाही. शेपूट स्वस्त होतं, आणि स्वस्त जागी बिघाड शोधायला महागडी माणसं तयार नसतात. मला कारण ठाऊक होतं, तोंड नव्हतं. शेवटी 'वयोमानाने कंप' असं लिहून माझ्या निर्लेखनाचा कागद तयार झाला. भंगारात काढण्याला सरकारी भाषेत निर्लेखन म्हणतात. ऐकायला बरं वाटतं.

त्या कागदावर एकच सही राहिली होती, शास्त्रज्ञ वर्षाराणीची. ती करेना. बंगालच्या उपसागरात एक मोठा गरम भोवरा फिरत होता, असा भोवरा गाठायला ती तीन वर्षं थांबली होती, जहाज दहा दिवसांनी सुटणार होतं आणि नवा नळा निविदेत अडकला होता. मी बरा झालो तर मोजणी. नाहीतर भोवरा विरणार, मी भंगारात, आणि वर्षाराणी पुढचा भोवरा येईपर्यंत खुर्चीत.

वर्षाराणी मूळची इचलकरंजीशेजारच्या कबनूरची, म्हणजे यंत्रमागांच्या खडखडाटात पाळण्यात झोपलेली. तिला शेजारचे निसारचाचा आठवले. चाचा जॉबर; बिघडलेले माग दुरुस्त करणारे. शेडमध्ये चाळीस माग धडधडत असताना एकावर तळहात ठेवून ते सांगायचे, "ह्याचा मागला बोल्ट सैल हाय." आणि असायचा. मला घेऊन ती कोल्हापूरला आली आणि एसटीत चढली.

"मोटार किती एचपीची?" कंडक्टरनं विचारलं.

"मोटार न्हाय हो. समुद्रात सोडायचं यंत्र हाय."

मागच्या सीटवरच्या पावण्यांनी मान पुढे काढली. "पाणी किती फुटाला लागलं?"

"वरनंच हाय पाणी."

"मग एवढं खाली कशाला सोडायचं ताई?" पावणं म्हणाले. सगळ्या बसला ते पटलं. मलाही, खरं सांगायचं तर, क्षणभर पटलं.

निसारचाचांनी मला शेडच्या दारात उभं केलं आणि माझ्याभोवती एक फेरी मारली. "करतंय काय हे?"

वर्षाराणीनं सांगितलं, "चाचा, भोवरा गरम पाण्याला ओढतो, गार पाण्याला ओढतो. दोन्हीचे पट्टे बारीक बारीक होत जातात."

"म्हंजे समुद्र सूत काततोय की."

"व्हय. पण नुसतं कातून भागत न्हाय. गरम धाग्याची ऊब गार धाग्यात उतरली, तरच मिसळलं म्हणायचं."

"कच्चा रंग," आतून मदिनाचाची म्हणाल्या. त्या चाचांच्या पत्नी. "लाल लुगडं पांढऱ्या सदऱ्यासंगं भिजवलं की जे हुतं, ते. त्यासाठी जहाज कशाला लागतंय?"

मित्रांनो, माझ्यावर तीन प्रबंध लिहिले गेले आहेत. त्यांत हे इतकं स्वच्छ कुठेच नाही.

चाचांनी मला हात लावला आणि मान हलवली. मी थरथरतो ते पाण्यात पडताना; दारात उभ्या उभ्या कळणार काय? इतक्यात वीज गेली. अख्खं कबनूर गप्प झालं. त्या शांततेनं गल्लीतली तान्ही मुलं दचकून जागी झाली आणि रडू लागली. "चला, विहिरीवर," चाचा म्हणाले.

दोरीला बांधून त्यांनी मला विहिरीत सोडलं. दोरी ढिली, दोन बोटांत धरलेली, डोळे मिटलेले. मी पडलो. झोल, झोल, थरथर. वर ओढलं, पुन्हा सोडलं. तिसऱ्या वेळी माझा जीव नाकात गोळा झाला होता. सांगावं कसं? मागे बघा हो, मागे!

चाचांनी डोळे उघडले. "वर्षा, नाक कशाला चाचपत बसलीस? हे लंगडतंय."

"त्याला पाय कुठं हायत चाचा?"

"शेपूट हाय की." त्यांनी मला आडवं घेतलं आणि झुपक्यावरून तळहात फिरवला. एका जागी हात खाली गेला. "हितं कुणी हजामत केली?"

वर्षाराणी झुपक्याकडे बघत राहिली. मग पेटीकडे. मग पेटीच्या कडीकडे. तिचे कान लाल झाले. "दोन वर्षं मी ह्याच्या डोक्यात बिघाड शोधतेय," ती म्हणाली.

"पतंगाचं शेपूट तोडलं तर तो गिरक्याच घेणार," मदिनाचाची म्हणाल्या. "त्यात शिकायचं काय हाय?"

आता नवं शेपूट आणायचं कुठून? चाचांची नजर भिंतीकडे गेली. तिथे मदिनाचाचींचा जळमटं काढायचा ब्रश टांगला होता. नवा कोरा, लांब नायलॉनच्या केसांचा, गुलाबी.

"त्याला हात लावायचा न्हाय," चाची म्हणाल्या. "ईद तोंडावर आलीया. माझ्या घरची जळमटं काय समुद्र काढणार?"

"चाची, भोवरा थांबायचा न्हाय."

"ईद थांबतीया?"

मी धाप टाकत होतो. म्हणजे टाकली असती. चाचींनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या कापलेल्या बाजूवर बोटं फिरवली, आणि ब्रश खुंटीवरून काढून चाचांच्या अंगावर फेकला. "घ्या. पर सारखं कापा. ह्याच्या आधीच्यानं केलं तसं नको."

चाचांनी दोन दिवस एकेक केस मापून बसवला. विहिरीत सोडल्यावर त्यांच्या बोटांना थरथर म्हणून काहीच कळलं नाही. एवढ्यासाठीच तर सगळं चाललं होतं.

भोवऱ्याच्या काठावर मला समुद्रात सोडलं तेव्हा मी भ्यालो होतो. गुलाबी शेपटाला खलाशी हसले होते. मी पडत गेलो, वाट बघत गेलो, आता झोल जाईल, आता जाईल. गेला नाही. मग नाकाला लागला एक गरम धागा. लगेच गार. पुन्हा गरम, आधीपेक्षा बारीक. आणि मग कुठला गरम, कुठला गार, सांगता येईना. रंग उतरला होता. वर जहाजावर, संगणकाच्या पडद्यासमोर वर्षाराणी एकच शब्द बोलली म्हणे : "चाची!"

परत आल्यावर संस्थेत पुन्हा तोच पेच. शेपूट आता पूर्ण, पेटी अरुंद. भांडारपाल कात्री घेऊन आले. वर्षाराणीनं त्यांच्या हातातली कात्री काढून घेतली, सुताराकडून करवत आणली आणि कडीशेजारी पेटीलाच भोक पाडलं. त्यातून माझं गुलाबी शेपूट बाहेर डोकावतं. त्यावर चौकशी चालू आहे. मदिनाचाचींना तिनं जहाज सुटायच्या आधीच ईदसाठी नवा ब्रश पाठवला होता. तो हिरवा निघाला म्हणून त्या अजून बोलतात.

मित्रांनो, तुमच्या वर्गात, घरात, कुणी सारखं चुळबुळत असेल, एका जागी ठरत नसेल, तर त्याच्या डोक्यात बिघाड आहे असं लगेच लिहून टाकू नका. आधी मागून हात फिरवा. पेटीत बसावा म्हणून कुणी त्याचं काही कापलंय का, बघा. आणि करवत हाताशी असेल, तर भोक पेटीला पाडा.