बोतिफार्राचा चौथा भिडू

दर गुरुवारी दुपारी शाळेतली मुलं सेवा करायला यायची आणि एउदाल्दला त्या सेवेचा अगदी वीट आला होता. सेवेचे तास भरल्याशिवाय शाळा मुलांना सोडत नसे, त्यामुळे बेर्गाच्या वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना सेवा करून घेणं भागच होतं. प्रत्येक मुलाच्या हातात तेच प्रश्न. लहानपणी उपाशी झोपलात का? आयुष्याने काय शिकवलं? एउदाल्दने उपासमारीची एक गोष्ट तयार ठेवली होती आणि दरवर्षी तिला थोडं तिखटमीठ लावायचा. गेल्या वर्षी त्याने तिच्यात एक मेलेलं खेचर घुसडलं, तेव्हा दोन मुली रडल्या होत्या.

त्याला हवं होतं ते निराळंच. बोतिफार्रा या पत्त्यांच्या खेळाला चार जण लागतात, दोन जोड्या. फेब्रुवारीत अमादेउ वारला, त्याचा भिडू. तेव्हापासून एउदाल्द, फिलोमेना आणि जसिंत पत्ते मध्ये ठेवून नुसते बसत. तिघांत हा डाव होत नाही.

या वर्षी त्याच्या वाट्याला क्वेराल्त आली. पंधरा वर्षांची, कपाळावर आठ्या.

"विचार," तो म्हणाला.

"मला नाही विचारायचं काही."

"मलाही नाही सांगायचं. सुटलो दोघं."

तिचं लक्ष पत्त्यांकडे गेलं. "तुम्ही तिघंच? चौथा कुठाय?"

जसिंतने छताकडे बोट दाखवलं. क्वेराल्तने खुर्ची ओढली आणि अमादेउच्या जागी बसली. गावाकडे मामाने शिकवलं होतं म्हणे. शिकवलं असेलही, पण पोरगी भयंकर वाईट खेळायची.

"अगं गाढवे, एक्का कशाला टाकलास? नव्वी बाहेर यायचीय अजून! नव्वी सगळ्यांत मोठी!"

"मग आधी खूण करायची ना, आजोबा!"

"बोतिफार्रात खूण करतो तो चोर!"

हे सगळं डाव संपल्यावर. डाव चालू असताना तोंड बंद, हा नियम त्या टेबलावर कुणी कधी मोडला नव्हता. ती दर गुरुवारी यायची, हरायची, शिव्या खायची, उलट बोलायची. एउदाल्दला कित्येक महिन्यांनी बरं वाटत होतं. कुणावर तरी ओरडता येत होतं.

चेस्टनट भाजायचा सण होऊन गेल्यावर एका गुरुवारी शाळेच्या नेउसबाई आल्या. सेवेचा सगळा पसारा त्यांच्या गळ्यात होता. बघतात तर टेबलावर चिडीचूप.

"क्वेराल्त, तू इथे पत्ते कुटायला येतेस? माणसांशी बोलायचं असतं. एउदाल्द, ही कधी तुमच्याशी बोलते का हो?"

डाव ऐन रंगात होता. एउदाल्दच्या हातात हुकमाची नव्वी होती आणि समोर जसिंतचा एक्का पडला होता. त्याने मान वर न करता बोट ओठांवर ठेवलं आणि बाईंना बाजूला व्हायची खूण केली.

बाईंना वाटलं, म्हातारा कंटाळलाय. क्वेराल्तने त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्या बाजूने काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली. मग पानं पालथी ठेवून ती उठली.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फिलोमेनाने पत्ते खणात टाकले.

नाताळच्या आधी नेउसबाई पुन्हा आल्या, मुलांमध्ये कोणती मूल्यं रुजली ते विचारायला. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. बसू का, हेही न विचारता त्या चौथ्या खुर्चीत कोसळल्या.

"सगळ्यांना विचारतेय," त्या म्हणाल्या. "खरं सांगू? मलाच काही कळेनासं झालंय. थकलेय मी."

"ती पोर कशी आहे?" एउदाल्दने विचारलं.

"क्वेराल्त? तिला म्हटलं, तास बुडवू नकोस. तर म्हणाली, माझे तास तर चेस्टनटच्या सणाच्या आधीच भरलेत."

"मग ती त्या दिवशी आली कशाला होती?"

नेउसबाईंनी हातांनी तोंड झाकलं. एउदाल्दला मात्र एकदम उमगलं. तास भरल्यावरही ती पोर आपणहून आली होती. आणि एका नव्वीसाठी त्याने तोंड उघडलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत.

"फोन आहे ना तुमच्याकडे?"

"आहे."

"तिला लिहा. एउदाल्द माफी मागतो म्हणावं." तो थांबला. "नको, खोडा ते. म्हणेल, तुम्हीच म्हाताऱ्याकडून वदवून घेतलंत."

"मग काय लिहू?"

फिलोमेनाने खण उघडून पत्ते बाहेर काढले.

"लिहा," एउदाल्द म्हणाला, "आम्ही तिघंच आहोत."