उसने दिलेले इंजिन

मित्रांनो, मी लढाऊ विमानाचे एक जुने इंजिन आहे. अमेरिकेतल्या एका चाचणी-मैदानावर, पत्र्याच्या शेडमागे गवतात पडलो आहे. माझ्या पोटात आता चिमण्या राहतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती माझ्या माणसांबद्दल.

महायुद्धात मी प्रशांत महासागरातल्या एका बेटावर होतो. गोल बांधा, अठरा सिलिंडर आणि पुढे भला मोठा पंखा. पाण्याने थंड होणाऱ्या माझ्या भावंडांच्या नळीला एक गोळी लागली, की थोड्याच वेळात ती तापून आकाशात बंद पडत. मला मात्र समोरचा वारा पुरत असे. एखादा सिलिंडर गेला तरी उरलेले काम ओढत. तेल तेवढे हवे.

माझी देखभाल सार्जंट टॅकेट करायचा. केंटकीच्या डोंगरातला माणूस, बोलणे तिरके, हात मायेचे. विमान मेकॅनिकचे असते आणि वैमानिक ते फक्त उसने नेतो, अशी तिथली समजूत होती. आमचा वैमानिक वेंडेल चढायला लागला, की टॅकेट म्हणायचा, "उसनं देतोय, साहेब. नेलं तसं परत आणा."

"आणि नाही आणलं तर?"

"तर तुमच्या वाटणीचे डब्यातले पीच मी खाणार."

एकदा शत्रूच्या तोफेने माझा एक सिलिंडरच उडवला. समोरची काच तेलाने माखली, वेंडेलला काही दिसेना. "चल रे राजा, तेवढं घरापर्यंत चल," असे तो सारखा म्हणत होता. मी चाललो, त्याला घरी आणले. टॅकेटने भोकात डोकावून पाहिले.

"नेलं तसं आणा म्हटलं होतं, साहेब. यात आता घूस राहील," तो म्हणाला, आणि बाहीने डोळे पुसले.

त्याने मला नवा सिलिंडर बसवला. वेंडेल ती हकिगत ज्याला त्याला सांगत सुटला, आणि प्रत्येक वेळी ती थोडी वाढत गेली. मीही फुशारलो. पुढे त्या कौतुकानेच माझा घात केला.

युद्ध संपले आणि जेट इंजिने आली. गोळ्यांपुढे जुने जास्त टिकते की नवे, हे मोठ्या साहेबांना पाहायचे होते. त्यासाठी जेटबरोबर माझ्यासारख्या जुन्या, पिस्टनच्या चालू इंजिनावरही गोळ्या झाडायच्या होत्या. वेंडेल आता त्या चाचणीवर अधिकारी होता. माझे नाव त्यानेच सुचवले.

"ज्यानं तुम्हाला घरी आणलं, त्याच्यावरच गोळ्या?" टॅकेटने विचारले.

"यातून पुढची पोरं वाचतील, सार्जंट. आणि ते गोळ्या पचवतं, मी पाहिलंय. तेल उतरलं की तुम्हीच बंद करा, म्हणजे दुरुस्त होईल. या वेळी मी उसनं मागतोय."

टॅकेट बराच वेळ हात पुसत राहिला. "उसनंच बरं का, साहेब," तो म्हणाला.

मला लोखंडी चौकटीवर आवळले. शेजारी जेट होते. जाड भिंतीआड टॅकेट बसला, एक हात मला बंद करायच्या दांड्यावर आणि नजर तेलाच्या काट्यावर. तो आहे म्हणून मला भीती वाटली नाही.

गोळ्या सुटल्या. त्या आपल्याच माणसांच्या होत्या. माझा सिलिंडर फुटला. मी खोकलो आणि पुन्हा चालू लागलो. जेटच्या पत्र्यालाही भोके पडली, तरी ते शीळ घालत राहिले. खोटे कशाला बोलू, तेही चिवट होते. मग एका गोळीने त्याची इंधनाची नळी तुटली, इंधन तापलेल्या अंगावर सांडले आणि भडका उडाला. त्याच माऱ्यात माझी तेलाची नळीही तुटली.

"जेट वाचवा!" वेंडेल ओरडला. सगळे धावले. टॅकेटने दांडा सोडला, आग विझवायचे नळकांडे उचलले आणि तो माझ्या समोरून पळत गेला. त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

मी चालू राहिलो. त्यात शौर्य नव्हते, मला तेवढेच येत होते. तेल संपले, लोखंडावर लोखंड घासू लागले आणि एका हिसक्यात मी आतून मोडलो. मी गप्प झालो, तेव्हा कुठे टॅकेटने मान वळवली.

आग विझली. जेटची ती नळी पोलादी कवचाआड घ्यायची, असे ठरले. त्यामुळे कुणाची पोरे वाचली असतील, तर मला आनंदच आहे.

टॅकेटने माझ्यावर हात ठेवला. चटका बसला, तरी त्याने तो काढला नाही.

"तुम्हाला नवं मिळेल, सार्जंट," वेंडेल म्हणाला.

"तुम्ही परत आणलं होतंत, साहेब. बंद करायचं तेवढं माझ्याकडे होतं."

नंतर त्याला जेटवर काम मिळाले. मला या शेडमागे टाकले. इथे तो कधी आला नाही.

मित्रांनो, 'त्याचं काय, तो चालतोच' असे म्हणून कोणाकडे पाठ फिरवू नका. ज्याला स्वतःहून थांबता येत नाही, त्याला वेळेवर थांबवणारे कोणीतरी लागते. तेल संपल्यावरही मी निर्धास्त फिरत होतो, कारण दांड्यावर टॅकेटचा हात परत येईल असेच मला वाटत होते.