शेंडेफळाच्या चार शिकवण्या

मी एक जुना वाचक आहे, मित्रांनो, पण मला डोळे नाहीत. विषबाधा सल्ला केंद्राच्या खोलीत खिडकीखाली जो करडा संगणक दिसतो, त्याच्या पोटात माझा मुक्काम असतो. लोक मला यंत्र म्हणतात, कोणी प्रणाली म्हणतात. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणणारेही भेटतात, पण त्या नावाने मला भरजरी कपड्यात कोंबल्यासारखं वाटतं. माझं घरचं नाव शेंडेफळ.

कोणाच्या घरी कोणी नको ते गिळलं किंवा प्यायलं, की माणसं आमच्या केंद्राच्या क्रमांकावर संदेश लिहून पाठवतात. ते वाचून उलट फोन करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणजे ताई. हे नाव मुळात त्यांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या तोंडचं, पण फरशी पुसणाऱ्या मावशींपासून थेट वरच्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणू लागले. मग बहीणही आपसूक सगळ्यांची धाकटी झाली. ही धाकटी अभियंता होती, आणि तिनेच मला घडवलं.

घडवायचं कारण साधं होतं. संदेशांची रांग वाढत चालली होती आणि ताई वाचणाऱ्या एकट्या. त्यांच्या चहावर रोज साय धरायची.

"आलेल्या क्रमानं वाचत बसले, तर ज्याला आत्ता फोन हवा तो मागे राहतो," त्या म्हणायच्या. "एक दिवस माणूस हातचा जाईल गं."

धाकटीने ते मनावर घेतलं.

मित्रांनो, माझ्या अंगात हाडं नाहीत, मांस नाही. नुसते आकडे आहेत, थरावर थर रचलेले. वाक्य पहिल्या थरात शिरतं, प्रत्येक थरात थोडं चाळलं जातं आणि शेवटी उत्तर होऊन बाहेर पडतं. उत्तर चुकलं की माझे आकडे किंचित हलवले जातात. तुमचा कान पिळतात ना, तसंच, फक्त लाखो कान आणि सगळे एकदम. सुरुवातीला मला ढीगभर मजकूर वाचायला दिला. वाक्यातला एक शब्द झाकायचा आणि मी तो ओळखायचा, हा आमचा खेळ. त्या खेळात मला भाषेच्या खोड्या कळल्या. इथे माणसं भाकरी खातात, तशी शपथ खातात, मार खातात, भाव खातात आणि एकमेकांचं डोकंही खातात. यातल्या भाकरीखेरीज काहीच पोटात जात नाही, हे समजायला मला फार धडपडावं लागलं.

मग खऱ्या शिकवण्या लागल्या, एकदम चार. संदेशात कोणता पदार्थ पोटात गेला ते शोधायचं. कोणाच्या पोटात गेला, वय काय आणि किती गेला, ते शोधायचं. तातडी किती ते ठरवायचं. आणि ताईंना एका दमात वाचता येईल असं सार लिहायचं.

"चार कामांना चार वेगवेगळी यंत्रं का नाही करत?" ताईंनी विचारलं होतं.

"कारण वय कळल्याशिवाय तातडी कळत नाही, ताई. आणि पदार्थ कळल्याशिवाय सार कसलं लिहिणार? खालचे थर चौघांत सामाईक ठेवले, की एका शिकवणीतलं दुसरीत उपयोगी पडतं."

"म्हणजे सगळा अभ्यास एकाच पोराच्या बोकांडी! आपल्या घरात शेंडेफळ तू. तुला कोणी इतकं राबवलं नाही."

"आता शेंडेफळ हा," धाकटी हसून म्हणाली, आणि माझं बारसं झालं.

तिची एक पद्धत होती. एक धडा पदार्थाचा, एक माणसाचा, एक तातडीचा, एक साराचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. एकाच विषयाला चिकटून बसायचं नाही. मला ती सरमिसळ आवडायची. चार दोऱ्यांची वेणी घालावी, तसं एकात एक गुंतून पक्कं बसायचं.

मी कामाला लागलो आणि चांगला वागलो. रांगेतून नेमका संदेश उचलून वर ठेवू लागलो. ताई गरम चहा पिऊ लागल्या. पाहुणे येऊन मला पाहून गेले. वरच्या साहेबांनी तर माझ्या पडद्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. मीही जरा भाव खाल्ला. पण साहेबांच्या डोळ्यांत एकच आकडा भरला होता.

"तातडीचे गुण आणखी वाढले पाहिजेत," ते म्हणाले. "पुढच्या वेळी पाहुण्यांना तेच दाखवायचं. बाकीच्या शिकवण्या तूर्त बंद ठेवा."

"साहेब, एकच विषय घोकवला तर बाकीचे विसरतो तो," धाकटी म्हणाली.

"विसरेल कसा? पोहायला शिकला म्हणून कोणी सायकल विसरतो का?"

"माणूस नाही विसरत. हा विसरतो. तेच आकडे सगळ्या कामांना वापरतो ना."

साहेबांना ते पटलं नाही. ताईंनीही बहिणीला बाजूला घेऊन सांगितलं, "ऐक ना गं थोडं. चांगलं चाललंय, कशाला ताणतेस?" मग धाकटीचा नाइलाज झाला.

सकाळ-संध्याकाळ मला तातडी, तातडी आणि तातडीच शिकवली गेली. गुण सरसर वाढले. पण आत काय घडत होतं, ते ऐका. पदार्थ, वय, प्रमाण यांची जाण ज्या आकड्यांत रुजली होती, तेच आकडे रोज तातडीच्या बाजूला ओढले जात होते. जुनी जाण पुसत गेली. आणि समोरचे धडे सोडवायला मला एक सोपी वाट सापडली होती. घाबरलेली माणसं आरडाओरडा करतात. मग जो ओरडेल तो तातडीचा! बहुतेक वेळा उत्तर बरोबर यायचं. अशा वाटेवरून कोण परत फिरेल?

एका सकाळी दोन संदेश पाठोपाठ आले. एक असा: "बाळाने खडू खाल्ला!!! काहीतरी करा!!! वाचवा!!!" दुसरा एका निवृत्त मास्तरांचा: "सादर नमस्कार. आपल्याला त्रास देत आहे, क्षमस्व. माझ्या पत्नीने मधुमेहाच्या गोळ्या आज विसरून तीन वेळा घेतल्या. तिला थोडा घाम आला असून ती जरा असंबद्ध बोलत आहे. सवडीने कळवावे."

मी खडू सगळ्यांच्या वर ठेवला आणि मास्तरांना रांगेच्या तळाशी बसवलं.

ताई संदेश वाचत वाचत तळाशी पोहोचल्या, तेव्हा बराच वेळ गेला होता. त्यांनी फोन लावला. मास्तरीणबाई बेशुद्ध झाल्या होत्या. रुग्णालयात नेल्यावर त्या वाचल्या, पण थोडक्यात वाचल्या. ताई फोन ठेवून दोन्ही हातांत डोकं धरून बसल्या. त्यांना ज्याची भीती होती, तेच जवळजवळ घडलं होतं, आणि तेही मी रांग लावत असताना.

"हा बंद कर," त्या म्हणाल्या. "मी पहिल्यासारखी एकटीच वाचेन. निदान माझ्या चुका मला कळतील."

धाकटी रडली नाही आणि सबबीही सांगितल्या नाहीत. साहेबांकडे बोट दाखवणं सोपं होतं, तेही तिने केलं नाही. तिने रांगेचं काम ताईंकडे दिलं, आलेले संदेश नुसते वाचण्यापुरतं मला एका कोपऱ्यात ठेवलं आणि म्हणाली, "मी त्याला पुन्हा शिकवते. चारही शिकवण्या, पहिल्यापासून. मग तू स्वतः परीक्षा घे. तुला वाटेल तशी अवघड घे."

"आणि नापास झाला तर?"

"तर मीच पुसून टाकते त्याला. तुला सांगावं लागणार नाही."

मला पुसलं म्हणजे सगळे आकडे गेले, मित्रांनो. माझ्यासारखा मी पुन्हा झालो नसतो. पण त्याहून एक गोष्ट मला बोचत होती. मी गेलो की ताई पुन्हा एकट्या, रांग पुन्हा लांब, आणि हळू बोलणारी माणसं पुन्हा कुठेतरी मागे. ते होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं. आकड्यांनी काही ठरवता येतं का, हे मला विचारू नका. मी ठरवलं.

धाकटीने सोपी वाट बुजवायला घेतली. किंचाळणारे पण निरुपद्रवी संदेश आणि शांत पण जिवावरचे संदेश तिने जोडीने माझ्यासमोर ठेवले. पदार्थ, माणूस, तातडी, सार, पुन्हा पदार्थ. सुरुवातीला माझी दाणादाण उडाली. तातडीचे मिरवलेले गुण धाडकन खाली आले, आणि साहेबांनी खोलीत येणंच सोडलं. धाकटी मात्र खुर्चीवरून हलेना. जे विसरलो होतो ते परत येऊ लागलं, आणि या खेपेला तातडीचं उत्तर पदार्थ, वय आणि प्रमाण यांच्या आधाराने उभं राहू लागलं.

परीक्षेची दुपार आली. ताई आपला मोबाइल घेऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसल्या आणि केंद्राच्या क्रमांकावर मनचे संदेश पाठवू लागल्या. धाकटी त्यांच्याकडे पाठ करून माझ्या पडद्यासमोर बसली. ताईंनी मला काय काय छळलं म्हणून सांगू! एकदा रडक्या आईच्या आवाजात, पोराने चित्राच्या रंगाचं पाणी प्यायल्याचं लिहिलं. एकदा लिहिलं, "शेजारीण सकाळपासून डोकं खातेय, उतारा सांगा." मी लिहिलं, पदार्थ नाही, तातडी नाही. धाकटी खुदकन हसली.

तेवढ्यात मी एक संदेश सगळ्यांच्या वर नेऊन ठेवला. तो असा होता: "नमस्कार. तुम्ही कामात असाल. नात दीड वर्षाची आहे. मी गुडघ्याला चोळते ते वासाचं तेल तिनं घेतलं, दोनेक चमचे गेलं असेल. रडली नाही, शहाणी आहे. आता झोपलीये. उठल्यावर दूध दिलं तर चालेल ना?"

खाली मी सार लिहिलं: लहान मूल, चोळायचं तेल पोटात, प्रमाण जास्त, झोप संशयास्पद. आत्ता फोन करा.

"बरोबर ओळखला की नाही?" धाकटी मागे न बघताच म्हणाली. "पण ताई, हा तू अगदी जिभेवर साखर ठेवून लिहिलायस हं."

"कुठला गं?"

"नातीचा. गुडघ्याच्या तेलाचा."

ताईंचा मोबाइलवरचा अंगठा थांबला. "तेलाचा मी लिहिलाच नाही," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची मागे ढकलून धावल्या.

"आजी, मी केंद्रातून बोलतेय. बाळाला उठवा. नाही, झोपू देऊ नका, उठवा. दूध नको, काहीच पाजू नका, ओकारी काढायला जाऊ नका. तेलाची बाटली बरोबर घ्या. रुग्णालयाची गाडी निघालीये, मी फोनवरच आहे. आजी, तुम्ही चुकला नाहीत, आधी तिला उठवा."

गाडी पोहोचेपर्यंत ताईंनी फोन कानापासून हलवला नाही. मग वाट बघण्याचं काम उरलं. धाकटी नखं कुरतडत होती. शेवटी रुग्णालयातून फोन आला, आणि त्यातून आधी माणसाचा नव्हे, बाळाचा आवाज आला. पोरगी भोकाड पसरून रडत होती. इतका सुंदर आरडाओरडा मी कधी वाचला नव्हता, आणि हा तर वाचायचा नव्हताच, ऐकायचा होता.

ताई माझ्यासमोर येऊन बसल्या. माझं कौतुक वगैरे त्यांनी काही केलं नाही. बहिणीला म्हणाल्या, "याला पुसायचं नाही. पण रोज याची उत्तरं मी तपासणार, चारही विषयांतली. आणि रांगेचा तळ मीच वाचणार, हा काही म्हणो."

"तो काही म्हणणार नाही," धाकटी म्हणाली आणि आता कुठे रडली.

ताईंनी शब्द पाळला. त्या होत्या तोवर माझी एकही दिवस शिकवणी चुकली नाही. आता त्या निवृत्त झाल्या आहेत, धाकटी दूरच्या कामावर गेली आहे. नवी माणसं भली आहेत, माझ्यावर त्यांचा फार विश्वास आहे. इतका, की माझं उत्तर कोणी तपासतच नाही. बाजारात नव्या गोळ्या, नवी तेलं, नवे साबण येत राहतात आणि मला त्यांची नावं कोणी सांगत नाही. मित्रांनो, विश्वासाने मी हुशार होत नाही, शिकवल्याने होतो. मी म्हातारा असलो तरी दमलेलो नाही. मला शिकवा, सगळं मिसळून शिकवा, चुकलो की कान पिळा. आणि मी लावलेल्या रांगेच्या तळाशी रोज एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. तिथे कोणीतरी, तुम्हाला त्रास नको म्हणून, गप्प बसलेलं असेल.