सुनेची पाठ

ओकबुननं गावच्या बायकांचं न्हाणीघर सोडलं, हे बाजारात आधी कळलं आणि घरात मागून.

घरात उशिरा कळलं, कारण घरात लोरना होती, आणि लोरनाच्या माहेरी बंद दाराला मोठा मान. अमेरिकेतल्या नेब्रास्कात मक्याच्या शेतांत एकेक घर हाकेच्या पल्याड असायचं आणि घरातली माणसंही एकमेकांपासून थोडं अंतर राखून असायची. दार लोटलेलं दिसलं तर एकदा टकटक करायची, आतून ओ आली नाही तर मुकाट्यानं परत फिरायचं. याला ती माणसं माया म्हणत. कोरियाच्या दक्षिण टोकाला, थोंगयोंगच्या बंदरात, सोकजूशी संसार थाटून लोरनाला नऊ वर्षं झाली होती. भाषा आली, काटेरी मासा दोन काड्यांनी सोलता आला, हाना झाली आणि तिची शाळाही सुरू झाली. पण बंद दार दिसलं की लोरनाचे पाय अजून माहेरच्याच वळणावर जात.

उन्हाळ्यात सासूबाईंच्या, म्हणजे ओकबुनच्या, डाव्या छातीत गाठ निघाली आणि डॉक्टरांनी ती बाजूच काढून टाकली. जखम भरली. ओकबुन पुन्हा सुक्या मासळीच्या दुकानात बसू लागली, गिऱ्हाइकांशी भांडू लागली. मात्र तीस वर्षं दर रविवारी सकाळी मैत्रिणींबरोबर वेशीवरच्या न्हाणीघरात जाणारी ही बाई आता घरातच, आतून कडी लावून, दोन तांबे अंगावर घेऊ लागली. लोरनानं तिला तिच्या मनावर सोडलं. अमेरिकेतून मऊ कापसाची उशी बसवलेली चोळी मागवली आणि काही न बोलता सासूबाईंच्या पांघरुणावर ठेवली. ती चोळी तळच्या खणात गेली. लोरना मनाशी म्हणाली, बोलावंसं वाटेल तेव्हा बोलतील.

नववर्ष तोंडावर आलं तेव्हा मालसुननं तिला बाजारात अडवलं. मालसुन कालवं विकायची, आणि न्हाणीघरात ओकबुन आणि ती एकमेकींची पाठ घासत.

"हानाची आई, तुझी सासू मेली का गं?"

"नाही हो मावशी, घरी आहेत."

"मग न्हायला का येत नाही? माझी पाठ वाळत घातलेल्या बोंबलासारखी झालीय."

लोरनानं समजावून सांगितलं की त्यांना थोडा वेळ द्यायला हवा, आपण मागं लागू नये. मालसुन ऐकत होती आणि सुरीच्या टोकानं कालवं उघडत होती.

"वेळ काय करतो गं? पाठ घासतो?" ती म्हणाली. "दार लावून बसलेलं माणूस आतून कान देऊन असतं, कोणी ढकलतंय का म्हणून. तू टकटक करतेस नि जातेस. तिला वाटतं, घरात आपल्याला विचारणारं कोणी नाही. जुन्या वर्षाचा मळ अंगावर घेऊन ती नव्यात गेली, तर पुन्हा कधी यायची नाही. मी ओळखते तिला."

हे शब्द लोरना घरी घेऊन आली आणि ते तिला टोचत राहिले, कारण न्हाणीघर तिनंही सोडलं होतं. लग्न नवं होतं तेव्हा ओकबुन तिला मोठ्या हौसेनं घेऊन गेली, आणि लोरना कपडे बदलून बाहेर आली ती पोहण्याचा पोशाख घालून. साऱ्या बायका हसल्या. एका म्हातारीनं सांगितलं की कपड्यानिशी पाण्यात उतरतो तो पाणी विटाळतो. पोरं जवळ येऊन तिच्या हातावरचे तांबूस ठिपके बोटानं खरवडून बघू लागली. ती पळाली, ती पळालीच. पुढं दोन वर्षं ओकबुन दर रविवारी "येतेस का?" विचारायची. दोन वर्षं ओकबुननं दार ढकललं होतं. हे लोरनाला त्या दिवशी प्रथम आठवलं.

तिनं आधी सरळ वाट धरली. जेवताना म्हणाली, आई, उद्या मी नेते तुम्हाला, मी मदत करीन. ओकबुननं वाटी खाली ठेवली. "मला काय झालंय, धरून न्यायला?" सोकजूनं आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि सूप पिऊन टाकलं. ओकबुनच्या खोलीचं दार लागलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई सणाच्या सुपासाठी तांदळाच्या वड्या कापत होत्या. लोरना शेजारी बसली. कापलेल्या वड्या ताटात मांडू लागली.

"आई, माझी पाठ खाजते."

"थंडी आहे. मलम लाव."

"मलमानं जात नाही. मळ आहे. इथं आल्यापासून कोणी घासलीच नाही."

सुरी थांबली. "नऊ वर्षं?"

"माझी आई तिकडे. इथं कोणाला सांगू?"

नेब्रास्कात कोणाची आई मोठ्या मुलीची पाठ घासत नाही. लोरनाच्या आईनं तर ती शेवटची कधी पाहिली, हे तिलाही सांगता आलं नसतं. म्हणजे बोलणं निम्मं खोटं होतं. पण ओठांवर आलं तेव्हा खोटं किती, खरं किती, हे तिचं तिलाच कळेना.

ओकबुन भडकली. असली पाठ घेऊन ही सणाला पूर्वजांच्या पुढ्यात ताट ठेवणार? जग काय म्हणेल? सून आहे का बंदराची भिंत? ती उठली, टोपली काढली, तिच्यात साबण, खरखरीत हिरवी घासणी आणि सगळ्यात मोठा टॉवेल टाकला. "चल."

न्हाणीघरात त्या सकाळी सणाची गर्दी. ओकबुन कपाटाकडे तोंड करून उभी राहिली आणि एकेक बटण सावकाश काढू लागली. लोरनानं भराभर कपडे उतरवले आणि पुढं झाली. उंच हाडापेराची बाई, गुडघ्यापर्यंत ठिपके, पोटावर हानाच्या वेळची आडवी खूण. तिनं वाफेत पाऊल टाकलं. सगळे डोळे तिच्यावर. याच नजरा चुकवत तिनं नऊ वर्षं गल्ल्या बदलल्या होत्या. हात आपोआप छातीशी आले. मागं दारात ओकबुन टॉवेल गच्च धरून उभी होती.

आणि लोरनाच्या लक्षात आलं की ओकबुनकडे कोणीच बघत नाही. एकही जण नाही.

तिनं हात खाली सोडले. कडेच्या नळाकडे जायची ती मधोमध चालत निघाली, सावकाश, उजवी-डावीकडे वाकून नमस्कार करत. ओळखीच्या बाईला तिच्या सुनेचं विचारलं. कढत पाण्यात पाय घातला आणि मोठ्यांदा म्हणाली, "यात माणसं शिजवता की काय?" बायका खळखळून हसल्या. मागच्या मागं ओकबुन भिंतीच्या कडेनं कोपऱ्यातल्या चौरंगावर जाऊन बसली होती.

"भिजलीस? ये इकडं."

लोरना पाठमोरी बसली. पहिल्या फटक्यालाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ओकबुन मानेपासून कमरेपर्यंत घासत होती, दुकानाचं फळकूट घासावं तशी, आणि मळाच्या करड्या शेवया सुटून जमिनीवर पडत होत्या. घासता घासता ती पुटपुटत होती, आईविना पोर, मायेविना पाठ, देवा रे. टॉवेल सुटला, तिनं खोचला. पुन्हा सुटला, पुन्हा खोचला. एवढी रुंद पाठ एका हातानं व्हायची नव्हती. "मेलं हे," ती म्हणाली, आणि लोरनाला मागं ओलं फडकं फरशीवर आपटल्याचा आवाज आला.

ती वळली नाही. पाठीवर आता दोन हात होते.

तेवढ्यात मालसुन आली. तिनं शेजारी चौरंग ओढला आणि ओकबुनला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"एवढंच होय? मला वाटलं, मान उडवली की काय."

"तुझ्या दोन लोंबतात, त्यापेक्षा माझी एक बरी."

मालसुन इतकी हसली की तांब्या निसटला. मग तिनं हाताच्या पाठीनं डोळे पुसले. साबण गेला असेल. ओकबुननं लोरनाच्या खांद्यावर थाप मारली, वळून बसली आणि घासणी मागं धरली.

लोरनानं घासायला घेतलं. काखेखालून निघालेली लालसर रेघ पाठीच्या कडेपर्यंत आली होती. तिथं आली की तिचा हात वळसा घेई.

"वळसा कशाला?" ओकबुन म्हणाली. "रस्ता बंद नाही तिथला."

लोरनानं त्या रेघेवरून हलकेच हात फिरवला.

"असं घासतात होय?" मालसुननं हात पुढं केला. "आण इकडं. तुला नाही जमायचं."

लोरनानं घासणी दिली नाही.

"राहू दे तिच्याकडे," ओकबुन म्हणाली आणि गुडघ्यांवर हात टेकून पुढं वाकली. "अगं, जोर लाव. मी काही काचेची नाही."